मर्फीचं निळं पुस्तक: आठ महिन्यांनंतर

आधी किंमत, कारण आपल्याकडे पहिला प्रश्न तोच. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात हे मला २६० रुपयांना मिळालं. सांगितले होते ३५०. रेमंड मर्फी यांचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज', केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस, पाचवी आवृत्ती, २०१९. पहिली आवृत्ती १९८५ ची, म्हणजे पुस्तक माझ्याहून दोनच वर्षांनी लहान. आत कुणीतरी शिसपेन्सिलीने उत्तरं लिहिली होती. खोडून काढू म्हटलं आणि घेतलं. घरी येऊन चाळलं तर पेन्सिल तेराव्या धड्यावर थांबलेली, पुढचं सगळं कोरं करकरीत. एकूण धडे १४५.

मी भोसरी एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. शाळा बार्शीची, मराठी माध्यम, इंग्रजी पाचवीपासून. डिप्लोमा इंग्रजीतून झाला, पण तिथे वाक्यं कुठे लागतात? आकृती, सूत्र, उत्तराखाली दोन रेघा, संपलं. बोलताना माझं फारसं अडत नाही. समोरच्याचा चेहरा दिसत असतो, चुकलं तर हातवारे करून भागतं. लिहिताना हात उपयोगी पडत नाहीत.

गेल्या पावसाळ्यात जर्मनीतल्या एका ग्राहकाची तक्रार आली. १४ नग खराब. अशा वेळी 'एट-डी' रिपोर्ट पाठवावा लागतो: काय झालं, का झालं, तात्पुरतं काय केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, अशा आठ पायऱ्या. चौथी पायरी मूळ कारणाची, आणि ती माझ्या वाट्याला आली. डोक्यातलं मराठी वाक्य असं होतं: 'नवीन बसवलेल्या फिक्स्चरची लोकेटिंग पिन झिजल्यामुळे बोअर सरकलेले १४ नग तपासणीत लक्षात न आल्याने डिस्पॅच झाले.' यात काही बिघडलंय का? आमच्या शॉपवर कुणालाही वाचून दाखवा, एका दमात कळेल. (बाहेरच्यांसाठी: फिक्स्चर म्हणजे काम चालू असताना नग धरून ठेवणारी पकड, लोकेटिंग पिन त्याला नेमक्या जागी बसवते, आणि बोअर म्हणजे नगातलं भोक.) मी त्याचं इंग्रजी केलं: 'ड्यू टू वेअर ऑफ लोकेटिंग पिन ऑफ फिक्स्चर न्यूली इन्स्टॉल्ड, फोर्टीन पार्ट्स हॅविंग बोअर ऑफसेट नॉट नोटिस्ड इन इन्स्पेक्शन वेअर डिस्पॅच्ड.'

तिकडून दोन ओळींचं उत्तर आलं. नवीन काय बसवलं होतं, पिन की फिक्स्चर? आणि लक्षात कुणाच्या आलं नाही?

माझी मुलगी आठवीत, सेमी-इंग्रजीला. तिने माझं वाक्य वाचलं आणि म्हणाली, "आई, यातलं क्रियापद शोधायला शेवटच्या स्टॉपपर्यंत जावं लागतं." त्याच शनिवारी मी चौकात गेले.

आता पुस्तक. रचना इतकी साधी आहे की कौतुक करायचं राहून जातं. उघडलं की डाव्या पानावर नियम, उजव्या पानावर त्याच नियमाचे स्वाध्याय. एक धडा म्हणजे समोरासमोरची दोन पानं, त्यापुढे एक ओळही नाही. मी सकाळी कंपनीच्या बसमध्ये डावं पान वाचायचे आणि रात्री जेवणं आटोपली की उजवं सोडवायचे. शेवटी सगळ्यांची उत्तरं आहेत, त्यामुळे मास्तर लागत नाही. धडे ओळीने करायची सक्ती नाही. मागे एक चाचणी दिलीय. ती सोडवली की आपण कुठे कच्चे आहोत आणि कुठला धडा करायचा ते कळतं. माझ्या आधीच्या पेन्सिलवाल्याने ही चाचणी पाहिलीच नसावी. तो बिचारा पहिल्या पानापासून इमानदारीत निघाला आणि वर्तमानकाळातून बाहेर पडता पडता दमला.

एक सूचना. नियमही इंग्रजीतच आहेत. सोपे आहेत, पण इंग्रजीत आहेत. ज्यांना ते वाचणंच जड जातं त्यांनी याच लेखकाचं लाल पुस्तक घ्यावं, 'इसेन्शियल ग्रामर इन यूज'. निळं मधल्या पायरीचं आहे. हिरवं त्याच्या वरचं, पण ते मार्टिन ह्यूइंग्ज यांचं. दुकानात तिन्ही एकाच चळतीत असतात आणि पाठीवरचं नाव न वाचता रंगावरच लोक मागतात.

फायदा कुठे झाला ते सांगते. बारावा धडा, 'फॉर' आणि 'सिन्स'. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टेन इयर्स' हे वाक्य मी आयुष्यभर बोलत आले. ते बोलून एकदा नोकरीही मिळवली आहे. मर्फी म्हणतात, मुदत सांगायची तर 'फॉर', सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स'. टेन इयर्स ही मुदत. आपण का चुकतो ते मात्र ते सांगत नाहीत. ते मला बसमध्ये सुचलं: आपल्याकडे 'दहा वर्षांपासून' आणि 'सोमवारपासून' या दोन्हींना एकच 'पासून' पुरतं. शिवाय 'दहा वर्षांपासून काम करते आहे' हा आपला सरळ वर्तमानकाळ, म्हणून इंग्रजीतही 'आय ॲम वर्किंग' येतं. तिथे 'आय हॅव बीन वर्किंग' हवं. म्हणजे एका वाक्यात दोन चुका, आणि दोन्हींचं मूळ मराठीत.

मग मी दोनशे पानी वही केली. डावीकडे माझं मराठी वाक्य, उजवीकडे मर्फीच्या नियमाने इंग्रजी, आणि मधल्या रेघेवर लाल पेनाने, मराठी कुठे ओढतं ते. या वहीशिवाय पुस्तकाचा निम्माच उपयोग झाला असता, असं माझं मत आहे.

११३ व्या धड्याचं उदाहरण घ्या. 'ऑल्दो' म्हणजे जरी. 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट.' हे वाक्य मी कमीत कमी पन्नास मेल्समध्ये लिहिलं असेल. आपल्याकडे जरी आला की तरी यायलाच हवा. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जसं-तसं, जो-तो. सगळ्या जोड्या, वरात निघाल्यासारख्या. जोडीतला दुसरा गाळला तर वाक्य लंगडतं. इंग्रजीला एकच चालतो. 'ऑल्दो' लिहिलं की 'बट' नको, 'बट' लिहिलं की 'ऑल्दो' नको. पुस्तकात 'ऑल्दो'ची वाक्यं भरपूर आहेत, पण पुढे 'बट' लिहू नका असं माझ्या डोळ्यांना कुठे दिसलं नाही. कसं दिसेल? हे पुस्तक जगभर विकलं जातं, ते बार्शीच्या मुलीला डोळ्यांसमोर ठेवून कोण लिहील!

आर्टिकल्सचे धडे ६९ ते ७८ च्या आसपास पसरलेले आहेत, आणि तिथे माझे पाच आठवडे गेले. 'अ' आणि 'द'. मराठीत हा प्रकार नाही असं आपण सगळे म्हणतो. ७२ व्या धड्यात लिहिलंय की एखादी गोष्ट पहिल्यांदा सांगताना 'अ', आणि ऐकणाऱ्याला कुठली ते माहीत झालं की 'द'. वाचताना मला आजी आठवली. 'आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या.' एक राजा, मग त्या राजाला. आहे की आपल्याकडे! फक्त प्रत्येक नामाला ते लावायची सक्ती नाही, आणि इंग्रजीत आहे. त्या दिवसापासून रिपोर्टमधल्या प्रत्येक नामासमोर मी मनात 'एक' की 'तो' विचारते. दहातल्या सात-आठ जागा बरोबर येतात. उरलेल्या नद्या, देश, हॉटेलं आणि इस्पितळं यांच्या. त्या ७७ आणि ७८ मध्ये आहेत आणि त्या पाठच करायच्या. तर्क शोधायला जाऊ नका, मी गेले होते.

'तो म्हणाला की मी उद्या येतो' हेही असंच. मराठीत बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवता येतात, 'मी'सकट. इंग्रजीत तो 'मी' 'ही' होतो, 'विल' मागे सरकून 'वुड' होतं, आणि 'टोल्ड' वापरलं तर कुणाला सांगितलं तेही लिहावं लागतं. ४७ आणि ४८ हे धडे. इथे जास्त रेंगाळत नाही. ज्यांना मीटिंगचे मिनिट्स लिहावे लागतात त्यांनी हे दोन धडे आधी करावेत एवढंच.

आता तक्रार. माझ्या १४ नगांच्या वाक्याचं काय? पुस्तक घेतलं होतं त्यासाठी.

या पुस्तकात वाक्याचे सगळे सुटे भाग मिळतात, जोडणी मिळत नाही. लांब वाक्य कुठे तोडायचं, कोणती गोष्ट आधी सांगायची, परिच्छेद कसा पाडायचा, यावर काही नाही. विरामचिन्हांवर स्वतंत्र धडा नाही. लेखकाने तसं वचन दिलेलंही नाही, हे कबूल; मुखपृष्ठावर 'ग्रामर' लिहिलंय, 'रायटिंग' नाही. पण दुकानात 'इंग्रजी लिहायला शिकायचंय' म्हटलं की हेच पुढे करतात, म्हणून हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

सर्वांत जवळ जातात ते ९२ ते ९७ हे धडे, 'हू', 'व्हिच', 'दॅट' वाले. तिथे मी तीन आठवडे होते आणि तिथेच मला जर्मन माणसाचा प्रश्न कळला. मराठीत 'नवीन बसवलेल्या फिक्स्चरची पिन' आणि 'फिक्स्चरची नवीन बसवलेली पिन' यांत गोंधळ होऊच शकत नाही. 'बसवलेल्या' म्हटलं की ते फिक्स्चरकडे जातं, 'बसवलेली' म्हटलं की पिनेकडे. कोण कुणाचं, हे शब्दाच्या शेपटीला बांधलेलं असतं. इंग्रजीत 'इन्स्टॉल्ड' हे दोघांनाही 'इन्स्टॉल्ड'च. शेपूट नाही. तिथे नातं ठरतं ते जागेवरून, कोण कुणाच्या शेजारी बसलंय त्यावरून. मी मराठीच्या भरवशावर शब्द वाट्टेल तिथे ठेवत होते, आणि ज्या प्रत्ययांनी ते सांभाळून घ्यायचे ते पुण्यातच राहत होते. जर्मन माणसाला हे जास्तच खटकलं असणार; त्याच्या भाषेतही शेपट्या आहेत म्हणे. इंग्रजीत शिरताना त्याने त्या सोडल्या होत्या, मी सोडल्या नव्हत्या.

याच धड्यांत स्वल्पविरामही ओझरता येतो, ९५ आणि ९६ मध्ये, आणि तो हलक्यात घेऊ नका. 'द ऑपरेटर्स हू वर्क्ड द नाइट शिफ्ट वेअर नॉट ट्रेन्ड.' याचा अर्थ रात्रपाळीचे तेवढे ऑपरेटर प्रशिक्षित नव्हते. 'ऑपरेटर्स'नंतर एक आणि 'शिफ्ट'नंतर एक असे दोन स्वल्पविराम टाका. आता सगळेच ऑपरेटर रात्रपाळीचे, आणि एकही प्रशिक्षित नाही! दोन टिकल्यांनी अख्खा कारखाना अडाणी ठरतो. ऑडिटरच्या हातात असा कागद गेला तर काय होईल, ते ज्यांनी ऑडिट पाहिलंय त्यांना सांगायला नको.

बार्शीच्या घरी अण्णांच्या फडताळात तर्खडकरांची 'भाषांतर पाठमाला' होती, तिन्ही भाग, पुठ्ठ्याला खळ लावून घट्ट केलेले. मराठी वाक्य दिलेलं, त्याचं इंग्रजी करा. इंग्रजी दिलेलं, मराठी करा. आम्ही भावंडं त्यातल्या जुनाट वाक्यांना हसायचो. आता वाटतं, तर्खडकरांना एक गोष्ट ठाऊक होती जी मर्फींना ठाऊक असायचं कारण नाही: शिकणारा कुठून चालत येतोय. दिवाळीत गेले तेव्हा पहिला भाग घेऊन आले. अण्णांनी न विचारताच सांगितलं, "परत आण." मर्फीचा नियम आणि तर्खडकरांची पद्धत अशी माझी खिचडी आता चालू आहे.

दुसरं नाव सगळे घेतात ते रेन आणि मार्टिन यांचं. जाडजूड, शाळेच्या ग्रंथालयात हमखास. त्यातले रेन म्हणजे फ्रेंच फॉरिन लीजनवर 'बो जेस्ट' ही गाजलेली कादंबरी लिहिणारे पी. सी. रेन, ते इथे मुंबई इलाख्यात शिक्षण खात्यात होते. ते पुस्तक मला पूर्वी रुक्ष वाटायचं, आणि अजूनही तिथली वाक्यं रुक्षच आहेत. पण एक मान्य करते: वाक्य सोडवून त्याचे तुकडे ओळखणं आणि सुट्या वाक्यांचं एक वाक्य करणं, हे त्यात रीतसर आहे. मर्फीत नाही. ज्याला फक्त लिखाण सुधारायचंय त्याने मर्फीबरोबर रेन-मार्टिनची तेवढी प्रकरणं जुन्या प्रतीतून वाचली तरी चालेल. अख्खं घेऊ नये. बसमध्ये मांडीवर मावत नाही.

मर्फीत ब्रिटिश इंग्रजी आहे, अमेरिकन फरक मागे एका परिशिष्टात. माझ्या ग्राहकांना त्याने फरक पडत नाही. चित्रं आहेत, पोरकट वाटतील, पण काळांच्या धड्यांत रेषेवर भूत-वर्तमान दाखवणाऱ्या आकृत्या मला क्वालिटीच्या चार्टसारख्या वाटल्या आणि पटकन कळल्या. १३७ पासून शेवटपर्यंत 'गेट अप', 'पुट ऑफ' छापाची जोडक्रियापदं आहेत. ते धडे मी अर्धवट सोडले. कंटाळा आला, दुसरं कारण नाही.

उपयोग झाला का? मार्चमध्ये तशीच एक तक्रार आली, दुसऱ्या पार्टवर. चौथ्या पायरीला मी लिहिलं: 'द लोकेटिंग पिन ऑन फिक्स्चर थ्री वोअर आउट. सिक्स पार्ट्स लेफ्ट अवर प्लांट विथ ॲन ऑफसेट बोअर. अवर फायनल इन्स्पेक्शन डज नॉट मेजर धिस बोअर, सो वी डिड नॉट कॅच देम.' तीन वाक्यं. प्रत्येकात कर्ता पुढे, क्रियापद त्याला चिकटून. मुलीने वाचून फक्त "हं" केलं. आठवीत "हं" म्हणजे पैकीच्या पैकी.

आमच्या साहेबांनी मात्र मान हलवली. "मॅडम, एवढं सरळ लिहायचं नसतं. 'इट वॉज नॉट नोटिस्ड' करा ना." मी त्यांना ४२ वा धडा दाखवला नाही, पण मनात होता. कर्मणी प्रयोग, 'पॅसिव्ह'. तिथे लिहिलंय की काम कुणी केलं हे माहीत नसेल किंवा महत्त्वाचं नसेल तेव्हा तो वापरतात. आपल्या कार्यालयीन मराठीत 'कळविण्यात येते', 'करण्यात यावे' असतं, त्याच घराण्यातला. इथे कुणी मोजलं नाही हे माहीत होतं, आणि महत्त्वाचंही होतं. थोडी ओढाताण झाली. शेवटी 'वी डिड नॉट' तसंच गेलं. जर्मनीहून उलट प्रश्न आला नाही. आला तो तिसऱ्या दिवशी, तोही पुढच्या पायरीवर: मग हा बोअर आता कधीपासून मोजणार?

पाचपैकी चार. एक गुण जोडणी न शिकवल्याचा कापला.

जुनी प्रत घेणार असाल तर दुकानातच शेवटची पानं तपासा. उत्तरांची पानं सगळी आहेत ना, ते बघा. माझ्या प्रतीतली दोन गायब निघाली, आणि तेराव्या धड्यापर्यंत मी तपासणीसाठी त्या पेन्सिलवाल्याच्या उत्तरांवर अवलंबून होते. सहाव्यात त्याची तीन चुकलेली आहेत. मी ती तिन्ही बरोबर म्हणून वहीत उतरवली होती.